मांडी घालणारा पाय

गुडघ्याखाली पाय गमावलेल्या मुलास कृत्रिम पाय मिळाला की ते स्वावलंबी झाले, असे आपण सहज मानतो. परंतु परदेशी धाटणीचा तो ताठ पाय बुटात घालावा लागे. त्याने ना मांडी घालता येई, ना चिखलात उतरता येई. आपल्याकडे तर जेवण, अभ्यास, पूजा सारे जमिनीवर! असा पाय कोपऱ्यात पडून राही व मूल पुन्हा कुबड्या घेई, यात नवल ते काय?

१९६८ च्या सुमारास जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा व शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी निराळे पाऊल घडविले. आत स्पंज रबर व लाकूड, वरून कातडीच्या रंगाचे रबर. ते घोट्याशी सर्व बाजूंस लवते. म्हणून उकिडवे बसता येते, अनवाणी शेतात जाता येते. डॉ. सेठींस १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. (शर्मांचे नाव मात्र थोड्यांसच ठाऊक, हे आम्हांस खटकते.)

मूल वाढते, हा पाय वाढत नाही. तो वरचेवर बदलावा लागतो, आणि दर वेळी तोल नव्याने साधावा लागतो. तेव्हा ते पडताच आपण धावू नये, असे आम्हांस वाटते. पंगतीत त्याच्यासाठी खुर्ची मांडण्यापूर्वीही त्यासच विचारावे; बहुधा ते मांडी घालूनच बसेल.