तक्रारवहीतला रिकामा रकाना

मेसमध्ये खिळ्याला सुतळीनं टांगलेली ती वही आठवा. तारीख, नाव, तक्रार आणि 'केलेली कार्यवाही', असे चार रकाने. तिसरा तुडुंब भरलेला. "आमटी आहे की अंघोळीचं पाणी?" त्याखाली दुसऱ्या अक्षरात "सहमत!!!" नावाच्या रकान्यात गब्बर सिंग. आणि चौथा रकाना पहिल्या पानापासून कोराकरकरीत.

स्टाफ म्हणतो, पोरांना लिहायची रीत नाही. पोरं म्हणतात, लिहून होतंय काय? माझं मत विचाराल तर तिसऱ्या रकान्यातला आचरटपणा चौथ्या रकान्यात तयार होतो. उत्तर येणारच नाही हे कळलं की माणूस सूचना करत नाही, टाइमपास करतो.

गंमत म्हणजे हीच पोरं इन-प्लांट ट्रेनिंगला भोसरी-चाकणला जातात तेव्हा बऱ्याच कंपन्यांत लाइनशेजारी कायझेनचा बोर्ड बघतात. एका कागदावर दोन चौकटी, 'आधी' आणि 'नंतर'. दर वेळी वाकून खालून उचलावा लागणारा पाना आता हाताशी टांगलाय, बस, एवढंच. खाली सुचवणाऱ्याचं नाव. त्या फॉर्ममध्ये 'मॅनेजमेंट बेकार' लिहायला जागाच नसते! फॉर्मच विचारतो : अडचण कुठे आहे, कशामुळे आहे, काय करता येईल? म्हणजे सूचना कशी येणार हे निम्मं आपण विचारतो कसं यावर ठरतं. 'काही सूचना असल्यास लिहा' असं विचारलं तर 'जेवण सुधारा' हेच येणार. 'या आठवड्यात कुठल्या दिवशी पोळ्या कच्च्या होत्या, पहिल्या बॅचला की शेवटच्या?' असं विचारून बघा. शेवटच्या बॅचलाच कच्च्या असतील, तर घाईत तवा पुरेसा तापत नाही की गॅस कमी पडतो, हे आचाऱ्याला शोधता तरी येईल.

ही सूचनांची पद्धत काही काल-परवाची नाही. स्कॉटलंडमधल्या डम्बार्टनच्या डेनी जहाज कारखान्यात १८८० साली कामगारांच्या सुधारणांना बक्षीस देणारी योजना सुरू झाली. अमेरिकेत कोडॅकनं १८९८ मध्ये सुरू केली. तिथलं पहिलं बक्षीस कशाला मिळालं असेल? उजेड नीट यावा म्हणून खिडक्या धुवा, या सूचनेला! दोन डॉलर. टोयोटाची माणसं १९५० मध्ये फोर्डचा कारखाना बघून आली, तिथली सूचना-योजना त्यांना आवडली आणि १९५१ मध्ये त्यांनी आपली सुरू केली. पुढे जपानी कंपन्यांनी त्यात आपला रंग भरला. मोठ्या कल्पनेची आणि मोठ्या बक्षिसाची वाट बघायची नाही, बारीकसारीक सूचना घ्यायच्या आणि त्यांना उत्तर जवळच्या सुपरवायझरनं पटकन द्यायचं. 'नाही' असेल तर 'नाही', पण का ते सांगून. आपल्याकडे बारा महिने कुलूप असलेल्या पेटीत चिठ्ठ्या पिवळ्या पडतात, तिथे हे फारच परदेशी वाटतं खरं.

आता आदराचा मुद्दा. वर्कशॉपच्या ओरलला 'पोका-योके' विचारतात, म्हणजे चूक होऊच नये अशी रचना. सिमकार्डाचा एक कोपरा कापलेला असतो म्हणून ते उलटं बसत नाही, तसं. पण याचं आधीचं नाव होतं 'बाका-योके'. बाका म्हणजे मूर्ख. १९६३ मध्ये अराकावा बॉडी या कंपनीत डावे-उजवे भाग उलटसुलट लागू नयेत म्हणून असं एक साधन बसवलं आणि साहेबांनी ते कशासाठी आहे हे समजावून सांगितलं. तेव्हा तिथे काम करणाऱ्या एका बाईंना रडूच कोसळलं, मी इतकी मूर्ख आहे का म्हणून. दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या नाहीत. शिगेओ शिंगो यांनी हे ऐकलं आणि नाव बदललं. 'पोका' म्हणजे नकळत झालेली चूक. साधन तेच राहिलं, बोट मात्र माणसावरून चुकीकडे वळलं. आमटीत मीठ जास्त पडलं आणि आचाऱ्याला अक्कल नाही, या दोन वाक्यांत फरक आहे तो हाच. दुसरं वाक्य वाचून आचारी पुढच्या वेळी मीठ मोजणार नाही, वही लपवेल!

नाव लिहावं का? यावर आमच्या रूमवर कायम भांडणं होतात. नाव सक्तीचं केलं की फर्स्ट इयरचा पोरगा लिहीतच नाही, आणि कंपनीतला कंत्राटी कामगारही. त्यांची भीती खोटी नाही. बरं, निनावी लिहिणं म्हणजे बेजबाबदार लिहिणंच असंही नाही. १८४८ मध्ये मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात भाऊ महाजनांनी एका लेखकाची पत्रं छापायला सुरुवात केली. सही 'लोकहितवादी'. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख तेव्हा सरकारी नोकरीत होते, वय पंचविशीचं. पुढच्या दोनेक वर्षांत शंभरावर पत्रं आली. भाषा तिखट, स्वतःच्याच समाजाचे वाभाडे काढणारी, पण बहुतेक पत्रं एकेक विषय धरून लिहिलेली आणि सही कायम तीच. त्यामुळे कालचं लिहिणारा आणि आजचं लिहिणारा एकच, हे वाचकाला कळायचं. आपल्या वहीतही नाव नको असेल तर टोपणनाव चालू द्या, फक्त वार, वेळ आणि जागा मात्र हवी.

राहता राहिल्या शिव्या. पान फाडू नये, नाहीतर 'आमचा आवाज दाबला' म्हणून पुढची दहा पानं भरतात. 'भाड्याचा तवा, कच्च्या पोळ्या, आचारी अमुकतमुक' असं असेल तर शेवटचे दोन शब्द खोडावेत आणि कच्च्या पोळ्यांना चौथ्या रकान्यात उत्तर द्यावं.

ते द्यायचं कुणी? मेस सेक्रेटरीनं, रविवारी रात्री, आचाऱ्याला शेजारी बसवून. अर्धा तास पुरतो. आणि पेन वहीलाच बांधून ठेवा, नाहीतर ते सोमवारी सकाळी सबमिशनला गेलेलं असतं.