लाईट एका फीडरची जायला हवी होती, गेली सगळ्यांची

पावसाळ्यात ११ केव्हीच्या तारांवर फांदी पडली की त्या फीडरची लाईट जाणारच. पण कधी कधी फांदी पडते एका फीडरवर आणि अंधार होतो सबस्टेशनवरच्या सगळ्या फीडरना. रिले बिघडलेला नसतो, ब्रेकरही ठीक असतो. मग चुकलेलं असतं सेटिंग. ही चूक मी स्वतः करून बसलो आहे (सुदैवाने कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये!), म्हणून आज तीच आकड्यांसकट सांगतो.

आधी रचना बघा. ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या मुख्य ब्रेकरला इनकमर म्हणतात. त्याच्या पुढे बसबार, आणि तिथून चार-पाच फीडर निघतात. फीडरवर फॉल्ट झाला की तोच करंट इनकमरमधूनही वाहतो. म्हणजे दोन्ही रिलेंना फॉल्ट दिसतो. आधी फीडरने सुटायचं, इनकमरने जरा थांबायचं. फीडरचा ब्रेकर उघडलाच नाही, तरच इनकमरने उडायचं.

हे 'थांबणं' ठरवायला दोन सेटिंग असतात. एक पिकअप, म्हणजे किती अँपिअरनंतर रिलेने वेळ मोजायला लागायचं. दुसरं टीएमएस, म्हणजे सगळी कर्व्ह वर-खाली सरकवणारा आकडा. आयईसीच्या स्टँडर्ड इन्व्हर्स कर्व्हचं सूत्र असं:

वेळ = टीएमएस × ०.१४ ÷ (पट^०.०२ − १)

'पट' म्हणजे करंट पिकअपच्या किती पट आहे ते. करंट जास्त, तर वेळ कमी.

आता १० एमव्हीएचा ३३/११ केव्ही ट्रान्सफॉर्मर घेऊ. ११ केव्हीच्या बाजूला त्याचा फुल लोड साधारण ५२५ अँपिअर, म्हणून इनकमरचा पिकअप ६०० ठेवला. फीडरचा पिकअप ३००, टीएमएस ०.१. फीडरच्या टोकाला फॉल्ट झाला तर करंट १५०० अँपिअर, आणि सबस्टेशनच्या दारातच झाला तर ४५०० धरू. (बाकीच्या फीडरचा लोड सध्या सोडून देऊ.)

मी हिशोब केला तो १५०० वर. फीडरला पाच पट करंट, वेळ ०.४३ सेकंद. इनकमरला अडीच पट, टीएमएस ०.१ ठेवला तर ०.७६ सेकंद. फरक ०.३३. न्यूमेरिकल रिलेंमध्ये ०.३ सेकंदाचं अंतर साधारणपणे पुरेसं धरतात, कारण तेवढ्यात ब्रेकर उघडायचा वेळ, रिलेची चूक आणि थोडी सुरक्षितता मावते. (जुन्या चकतीवाल्या रिलेंना ०.४ द्यावं लागतं, करंट थांबला तरी चकती जराशी फिरत राहते.) मी खूश.

गाईडनी एकच विचारलं, "दारातल्या फॉल्टचं काय?"

४५०० वर फीडरला पंधरा पट, वेळ ०.२५. इनकमरला साडेसात पट, वेळ ०.३४. फरक फक्त ०.०९ सेकंद! फीडरचा ब्रेकर अजून उघडतोय तोवर इनकमरनेही ट्रिपचा हुकूम दिलेला. झाला सगळीकडे अंधार.

असं का होतं? करंट वाढला की दोन्ही कर्व्ह खाली येतात आणि येता येता एकमेकींच्या जवळ सरकतात. म्हणून अंतर मोजायचं ते जास्तीत जास्त फॉल्ट करंटवर. तिथे जमलं की अशा दोन कर्व्हमध्ये पुढे, कमी करंटवर, ते अंतर वाढतच जातं.

दुरुस्ती: इनकमरचा टीएमएस ०.१७. आता ४५०० वर तो ०.५८ सेकंद घेतो, फरक ०.३३. जमलं. पण फुकट नाही. टोकाच्या १५०० च्या फॉल्टला फीडरचा ब्रेकर अडकला, तर इनकमर १.२९ सेकंदांनी सुटेल, आधी ०.७६ मध्ये सुटला असता. तेवढा वेळ तारा, केबल आणि ट्रान्सफॉर्मरने तो करंट सोसायचा. म्हणूनच "राहू दे सुरक्षित" म्हणत टीएमएस उगाच ०.३ वर नेणाऱ्यांशी माझं पटत नाही.

माझ्या संशोधनाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. फीडरच्या मध्यावर सोलर प्लांट जोडला की त्याच्या पलीकडच्या फॉल्टला थोडा करंट सोलरकडून जातो आणि सबस्टेशनचा वाटा घटतो. रिलेला फॉल्ट आहे त्यापेक्षा लहान वाटतो, तो आणखी रेंगाळतो. दिवसा एक आकडा, रात्री दुसरा. सेटिंग मात्र एकच! दोन्ही वेळी चालेल असा टीएमएस कसा शोधायचा, ते पुढच्या लेखात बघू.