मॅड काऊ : मेंदूपासून थेंबापर्यंत

सिन्नर-निफाडकडच्या गोठ्यात गाईची कास सुजली, की तिच्या दुधात चाचणीचं द्रावण मिसळून दगडीचा अंदाज जागेवरच घेता येतो. गाभडलेल्या गाईचं रक्त ब्रुसेलोसिससाठी प्रयोगशाळेत जातं. मॅड काऊ म्हणजे बीएसई या रोगाने मात्र दुधातून, रक्तातून, लघवीतून आपला माग लागू दिला नाही.

१९८६ मध्ये ब्रिटनमध्ये तो ओळखला गेला, तो मेलेल्या गाईंच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या बारीक छिद्रांवरून. जनावरांच्या हाडामांसाची भुकटी खुराकातून गाईंच्या पोटात गेली होती, त्यातून तो पसरला. १९८८ मध्ये तिथे त्यावर बंदी आली. तरी पुढे एक लाख ऐंशी हजारांहून अधिक गाई बाधित निघाल्या. मार्च १९९६ मध्ये हा रोग माणसालाही होत असावा, असं ब्रिटिश सरकारने जाहीर केलं.

अडचण मुळातच होती. या रोगाला कारण असलेलं प्रिऑन हे शरीरातलंच, पण घडी बिघडलेलं प्रथिन. त्यात डीएनए नाही, म्हणून पीसीआर चालत नाही. शरीर त्याला परकं मानत नाही, म्हणून रक्तात प्रतिपिंडंही सापडत नाहीत. २००१ मध्ये युरोपात तीस महिन्यांवरच्या जनावरांची जलद तपासणी सक्तीची झाली, पण तीही कत्तलीनंतर, मेंदूच्या तुकड्यावर.

त्याच वर्षी क्लाउडिओ सोटो यांच्या गटाने वेगळी वाट काढली. विरजणाच्या थेंबाने दूध लागावं, तसं अत्यल्प प्रिऑन चांगल्या प्रथिनात घालून ते वाढवायचं आणि मग ओळखायचं. या वाटेने २००५ मध्ये हॅमस्टरच्या रक्तात, तर दुसऱ्या पद्धतीने २००६ मध्ये बाधित हरणांच्या लाळेत आणि रक्तात प्रिऑनचं अस्तित्व दिसून आलं. आरटी-क्विक ही प्रिऑन वाढवून ओळखण्याच्याच जातीची चाचणी माणसांच्या सीजेडी या प्रिऑन रोगात पाठीच्या पाण्यावर आता रुळली आहे.

गाईच्या बाबतीत घोडं अडलं. बीएसईचे प्रिऑन मुख्यतः मज्जासंस्थेत राहतात, म्हणून खात्रीचं निदान आजही मेंदूवरच होतं.

भारतात बीएसईची नोंद नाही. २०१० मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने देशाला नगण्य जोखमीचा दर्जा दिला. नाशिकच्या गोठ्यातला सरकी पेंड, मका भरडा आणि मूरघास हा हाडामांसाच्या भुकटीविना असलेला खुराक इथे कुठल्याही चाचणीपेक्षा जास्त कामाचा.

इथे जनावर अडखळू लागलं, लाळ गाळू लागलं, तर पहिली शंका रेबीजची घ्यावी. त्याच्या तोंडात हात घालू नये, पशुवैद्यकाला बोलवावं आणि ते दगावलं तर मेंदूचा नमुना जरूर घेऊ द्यावा.