एक खडक, एक शार्क आणि एकटी नायिका

परवा विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनाला मित्र आला होता. बोलता बोलता विषय मनोरच्या शार्कवर गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे वैतरणेच्या खाडीत शार्कने एकाच्या पायाचा लचका तोडला होता. मग त्याला 'द शॅलोज' (2016) दाखवलाच!

गोष्ट एवढीशी. सर्फिंगला गेलेली नॅन्सी जखमी होऊन खडकावर अडकते. किनारा समोर दिसतो, पण मध्ये शार्क. भरती आली की खडक बुडणार.

जवळजवळ सगळा सिनेमा ब्लेक लाइव्हली एकटीने पेलते. शार्क संगणकावर केलेला, म्हणजे भीती तिला स्वतःच उभी करायची होती.

अशा सिनेमात बोलायला कोणी नसतं. म्हणून दिग्दर्शक नायिकेच्या हातांना काम देतो. नॅन्सी वैद्यकीय विद्यार्थिनी. ती दागिन्यांनी जखम शिवते, घड्याळ लावून शार्कच्या फेऱ्या मोजते. सोबतीला एक जखमी सीगल. नॅन्सीचे विचार आपल्याला कृतीतून कळतात.

शार्कशिवाय हाच प्रकार बघायचाय? विक्रमादित्य मोटवानेचा 'ट्रॅप्ड' बघा. मुंबईतल्या बंद फ्लॅटमध्ये एकटा राजकुमार राव!

तुमचा आवडता एकपात्री थरारपट कोणता?