पाकिटावरचा पत्ता, कार्डावरचा 'जय भीम'

बुद्ध पौर्णिमेला आपल्या मोबाइलवर किती शुभेच्छा आल्या, हे मोजणे कठीण आहे. टपालाने किती आल्या, हे मात्र बहुतेकांना लगेच सांगता येईल. एकही नाही. आजच्या विशीतल्या कार्यकर्त्याने कदाचित आयुष्यात एकदाही शुभेच्छापत्र पोस्टाच्या पेटीत टाकलेले नसेल. यात त्याचा दोष नाही, काळच बदलला. पण ही प्रथा आपल्या समाजात काय काम करत होती, हे समजून न घेताच आपण ती सोडून दिली, तर तिच्याबरोबर आणखी काय हातचे गेले तेही कळणार नाही.

प्रथा आली कुठून?

सणाला छापील कार्ड पाठवण्याची पद्धत मुळात टपालाच्या स्वस्त दरातून जन्मली. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर कुठेही पत्र जाऊ लागले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८४३ मध्ये, लंडनच्या हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून नाताळचे शुभेच्छापत्र काढून घेऊन छापले. भारतात १८५४ मध्ये अंतर कितीही असले तरी पत्राला सारखाच दर लागू झाला आणि १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. गरिबालाही परवडेल असे हे साधन होते.

कार्ड नाताळसाठी जन्मले, पण ते नाताळचेच राहिले नाही. याचे उत्तम उदाहरण शेजारच्या श्रीलंकेत आहे. ब्रिटिश राजवटीत तिथे ख्रिस्ती मिशनऱ्यांचा जोर होता. १८८० मध्ये कर्नल ऑल्कॉट तिथे पोहोचले आणि बौद्ध पुनरुज्जीवनाच्या चळवळीला बळ मिळाले. १८८५ मध्ये वेसाकची, म्हणजे वैशाख पौर्णिमेची, सार्वजनिक सुट्टी परत मिळाली आणि त्याच वर्षी बौद्ध ध्वज फडकला. पुढे नाताळच्या कार्डाचा साचा घेऊन तिथल्या बौद्धांनी वेसाक कार्ड घडवले. त्यावर कमळ, बोधिवृक्षाचे पान, कंदील, स्तूप आले. साधन राज्यकर्त्यांचे, आशय आपला. आज तिथेही वेसाक कार्डांची प्रथा मोबाइलमुळे ओसरत चालली आहे.

आपल्या कॅलेंडरला मिळालेला आधार

बाबासाहेब १९५० मध्ये श्रीलंकेत कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तिथले बौद्ध जीवन त्यांनी जवळून पाहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञांनी जुने देव सुटले, तसे जुने सणही सुटले. पण सण सोडणे म्हणजे आनंद सोडणे नव्हे. दिवाळीला शेजारी आणि कचेरीतले सहकारी एकमेकांना कार्डे देत. ज्याने धम्म स्वीकारला, त्याने कोणत्या दिवशी, कोणाला आणि कोणत्या शब्दांत शुभेच्छा द्यायच्या?

या प्रश्नाचे उत्तर समाजाने स्वतः तयार केले. १४ एप्रिल, वैशाख पौर्णिमा, १४ ऑक्टोबर आणि अशोक विजयादशमी हे दिवस घराघरात रुजले. १ जानेवारीला नववर्षासोबत भीमा कोरेगावच्या शौर्याचीही आठवण जोडली गेली. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीच्या पुस्तक स्टॉलवर दिनदर्शिका आणि प्रतिमांच्या शेजारी बुद्ध-बाबासाहेबांची चित्रे असलेली शुभेच्छापत्रेही मिळत. मुंबईच्या चाळीतून गावाकडे, गावातून शहरातल्या वसतिगृहाकडे ती जात. दिनदर्शिका भिंतीवर टांगली की दिवस कळतो. कार्ड आले की तो दिवस दुसऱ्या घरातही साजरा होतो आहे, हे कळते. विखुरलेल्या, अनेक गावांत मोजकीच घरे असलेल्या समाजाला या खात्रीची फार गरज होती.

भाषा बदलली ती कागदावर

जुन्या मराठी पत्राच्या माथ्यावर 'श्री' असे आणि सुरुवात 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्काराने होई. आपल्या आजोबा-पणजोबांकडून तर गाव 'जोहार'ची अपेक्षा करी. त्या जागी 'सप्रेम जय भीम' आले. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी रुजवलेले हे अभिवादन सभेत मोठ्याने म्हणणे सोपे, कारण तिथे सगळे आपलेच असतात. पोस्टकार्डावर ते लिहिणे वेगळे. पोस्टकार्ड उघडे असते. पोस्टातला कारकून, पोस्टमन, वाटेत हाताळणारा कोणीही ते वाचू शकतो. म्हणजे प्रत्येक कार्ड ही एक लहानशी जाहीर घोषणाच होती.

पाकिटावरही तसेच झाले. श्री. आणि सौ.च्या जागी 'आयु.' म्हणजे आयुष्मान, आयुष्मती आले. कै.च्या जागी कालकथित आले. हे शब्द कोणत्याही सरकारी आदेशाने आलेले नाहीत. कार्डे, लग्नपत्रिका आणि पत्रे लिहिता लिहिता ते अंगवळणी पडले.

तिकिटांचाही यात वाटा आहे. मे १९५६ मध्ये बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त भारत सरकारने टपाल तिकिटे काढली. १४ एप्रिल १९६६ रोजी बाबासाहेबांचे १५ पैशांचे तिकीट निघाले. ज्या माणसाला वर्गाबाहेर बसवले गेले, त्याच्या चित्रावर देशाच्या टपालाचा शिक्का उमटू लागला.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पत्ता

पत्र पोहोचायचे तर पत्ता लिहावाच लागतो आणि आपल्या पत्त्यात जात होती. 'महारवाडा' हा पत्त्याचाच भाग होता. धर्मांतरानंतर लोकांनी वस्त्यांना नवी नावे दिली. भीमनगर, सिद्धार्थनगर, बौद्धवाडा. पण नाव बदलल्याचा फलक लावला म्हणून नाव बदलत नाही. बाहेरचा माणूस ते वापरू लागतो, तेव्हा ते बदलते. 'मु. पो. अमुक, भीमनगर' असे लिहिलेले कार्ड पोस्टमनच्या थैलीत वर्षामागून वर्षे पडत राहते, तेव्हा त्यालाही ते नाव पाठ होते.

महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये. त्यासाठी सुचवलेल्या नावांत समता नगर, भीम नगर, क्रांती नगर ही नावे होती. म्हणजे शासनाने जे ठरवले, ते अनेक वस्त्यांनी आपल्या पाकिटांवर कितीतरी आधीच लिहायला घेतले होते. व्हॉट्सॲपला पत्ता लागत नाही, नंबर पुरतो. त्यामुळे हे काम ते करू शकत नाही.

प्रथा मागे का पडली?

कारणे सर्वांना माहीत आहेत. आधी एसटीडी बूथ आले, मग मोबाइल, एसएमएस आणि व्हॉट्सॲप. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि उरलीसुरली कार्डेही थांबली. टपाल खातेही बदलले. पूर्वी पाकीट न चिकटवता, कोपऱ्यात 'बुक पोस्ट' लिहून छापील शुभेच्छापत्र कमी दरात जाई. डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झाले. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा न राहता स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. वापर घटला की सेवा आटते आणि सेवा आटली की वापर आणखी घटतो. साधे पोस्टकार्ड मात्र अजून आहे.

मोबाइलला नावे ठेवण्याचे कारण नाही. एखाद्या गावात अत्याचार झाला, तर तासाभरात राज्यभर बातमी जाते, ही ताकद कार्डात कधीच नव्हती. पण फॉरवर्ड सर्वांना जातो, म्हणून तो कोणालाच उद्देशून नसतो. न वाचता पुढे ढकलण्याच्या सवयीने ६ डिसेंबरलाही 'हार्दिक शुभेच्छा' येतात. तो दिवस अभिवादनाचा आहे, शुभेच्छांचा नाही. हाताने कार्ड निवडून दोन ओळी लिहिणाऱ्याकडून अशी गफलत सहसा होत नाही.

दुसरा तोटा इतिहासाचा आहे. काळाराम मंदिर सत्याग्रहाबद्दल बाबासाहेबांचे मत कसे बदलत गेले, हे दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रांतून आपल्याला कळते. ती पत्रे कोणीतरी जपून ठेवली, म्हणून कळते. मोबाइल बदलला की आपल्या चळवळीचा रोजचा पत्रव्यवहार पुसला जातो.

आपण काय करू शकतो?

पहिले, घरातली जुनी कार्डे शोधा. ट्रंकेत, पुस्तकांत, फोटोंच्या पिशवीत ती असतात. पाकीट फेकू नका, कारण शिक्क्यावर गाव आणि तारीख असते आणि पत्त्यात वस्तीचे त्या वेळचे नाव. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. कोणी कोणाला पाठवले ते मागे पेन्सिलने हलकेच लिहा आणि दोन्ही बाजूंचे स्कॅन करून ठेवा. विहारात अशा कार्डांचे छोटे प्रदर्शन सहज भरवता येईल. लोकांचे पत्ते मात्र सोशल मीडियावर टाकू नका.

दुसरे, विहारातल्या रविवारच्या वर्गात मुलांकडून कार्डे करून घ्या. वैशाख पौर्णिमेआधी एक तास पुरेसा आहे. त्यातून मुलांना चित्र, पाली वचन आणि स्वतःचा पूर्ण पत्ता पिनकोडसह लिहिता येईल.

तिसरे, प्रत्येकाने पाच कार्डे पाठवावीत. वस्तीतून बाहेरगावी गेलेला जुना कार्यकर्ता, वसतिगृहातला विद्यार्थी, स्मार्टफोन न वापरणारी आजी, एखादे भन्ते, आणि पाचवा एखादा बौद्धेतर मित्र, ज्याला आपला सण कोणता हे अजून माहीत नाही. पौर्णिमेच्या आठ-दहा दिवस आधी ती पेटीत टाका.

आणि पाठवणाऱ्याच्या जागी आपल्या वस्तीचे आपण निवडलेले नाव स्पष्ट अक्षरांत लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!