जुन्या डिझेल मोटारीतील वारंवार तुटणारा पट्टा : कारणमीमांसा व निदान

प्रस्तावना

दापोलीचे पठार सोडून बुरोंडीकडे निघालेला रस्ता दहा-बारा किलोमीटरमध्ये थेट समुद्रपातळीवर उतरतो. अशा उतारावर जुन्या डिझेल मोटारीचा पट्टा तुटला, तर केवळ खोळंबा होऊन भागत नाही. डिझेल इंजिनात हवा रोखणारी झडप नसल्याने ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात पोकळी इंजिनाच्या शोषणातून मिळत नाही. त्यासाठी स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लागतो. अनेक जुन्या मोटारींत हा पंप अल्टरनेटरच्याच मागच्या टोकाला बसविलेला असतो. पट्टा तुटला की बॅटरी भरणे थांबते आणि एक-दोनदा पेडल दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कठीण होतो. ब्रेक नाहीसा होत नाही, परंतु त्यासाठी लागणारा जोर सवयीच्या कितीतरी पट असतो. पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असेल, तर काही मिनिटांत इंजिन तापून हेड गॅस्केट जाण्याची शक्यता असते.

प्रस्तुत लेखात इंजिनाच्या दर्शनी बाजूस असलेल्या, सामान्यतः ‘फॅन बेल्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्याचा विचार केला आहे. झडपांची वेळ राखणारा टायमिंग बेल्ट हा वेगळा विषय होय.

पट्ट्याचे कार्य

पट्टा घर्षणावर चालतो. त्याच्या ताणलेल्या व सैल बाजूंतील ताणांचे गुणोत्तर घर्षणगुणांक आणि पुलीभोवतीचा वेढा यांच्या गुणाकारानुसार घातांकी पद्धतीने वाढते, हे ऑयलर यांच्या सूत्रावरून ज्ञात आहे. घर्षणगुणांक ०.३ आणि वेढा १८० अंश धरल्यास सपाट पट्ट्यासाठी हे गुणोत्तर सुमारे २.६ येते. ३८ अंशांच्या खाचेत पाचरीप्रमाणे रुतणाऱ्या व्ही-पट्ट्यासाठी तेच सुमारे १८ होते. वेढा १२० अंशांवर आला, तर ते ७ च्या आसपास घसरते. अल्टरनेटरची पुली लहान असते व तिच्यावरील वेढाही कमी असतो. सर्वप्रथम तेथेच पट्टा का घसरतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

त्यातच अल्टरनेटरचा भार दिसतो त्याहून मोठा असतो. १४ व्होल्टवर ६५ अँपिअर म्हणजे सुमारे ९०० वॅट. अशा यंत्राची कार्यक्षमता ५५ टक्के धरल्यास पट्ट्यावर दीड किलोवॅटहून अधिक, म्हणजे दोन अश्वशक्तींपेक्षा जास्त भार येतो. पावसाळ्यातील सकाळी ग्लो प्लग व स्टार्टर यांनी बॅटरी शोषून घेतल्यानंतर हाच भार येतो, आणि त्या वेळी पट्टा ओला असतो. सुरुवातीची ती ‘चीं’ अशी किंकाळी बहुधा याच कारणाने ऐकू येते. बॅटरी कमकुवत झालेली असताना पट्टा बदलत राहणे म्हणजे रोग एकीकडे व उपचार दुसरीकडे असा प्रकार होय.

तुटलेला पट्टा : पहिला पुरावा

गॅरेजमध्ये तुटलेला पट्टा सर्वप्रथम फेकून दिला जातो, ही सवय निदानाच्या दृष्टीने घातक आहे. पट्ट्याची एकच कड उसवलेली व दोरे बाहेर आलेले असतील, तर पुल्या एका रेषेत नाहीत. बाजू काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील, तर पट्टा सैल राहून घसरत होता. रबर फुगून मऊ झाले असेल, तर तेल किंवा डिझेल गळत आहे; व्हॅक्यूम पंपाची तेलनळी, क्रँकशाफ्टचे पुढील ऑइल सील व डिझेलचे पाइप तपासावेत. बाहेरून नवा दिसणारा पट्टा सरळ आडवा तुटला, तर एखादी पुली अडकली असावी, किंवा पट्टा बसविताना स्क्रू-ड्रायव्हरने चढविल्यामुळे आतील दोरे तेव्हाच तुटले असावेत. हा दुसरा प्रकार समजला जातो त्याहून अधिक आढळतो. उंदरांच्या दातांच्या खुणाही पाहाव्यात.

भेगा मोजून पट्ट्याचे आयुष्य ठरविण्याची जुनी रीत मात्र आता पुरेशी नाही. ईपीडीएम रबराच्या पट्ट्यांना भेगा क्वचितच पडतात. टायरप्रमाणे त्यांची बरगडी झिजत जाते.

पुल्यांची तपासणी

इंजिन बंद करून, बॅटरीची जोडणी काढून व पट्टा उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवावी. खरखर, डगमग किंवा अडखळणे जाणवल्यास बेअरिंग दोषी होय. टेन्शनरचा यात विसर पडतो. त्याची स्प्रिंग थकलेली असल्यास नवा पट्टाही फार काळ टिकत नाही. एकदिशा-पुली असलेल्या अल्टरनेटरमध्ये ती एका दिशेने मोकळी फिरली पाहिजे व दुसऱ्या दिशेने रोटरला सोबत घेतले पाहिजे.

रेषा तपासण्यासाठी सरळ पोलादी पट्टी पुरते. व्ही-पट्ट्यासाठी साधारण अर्ध्या अंशाचा, म्हणजे ३०० मिलिमीटर अंतरात सुमारे २.६ मिलिमीटरचा फरक ही मर्यादा मानली जाते. बरगडीदार पट्टा याहून कमी सहन करतो. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटमधील एक हरवलेला वॉशर एवढा फरक सहज घडवितो. किंकाळीचे कारण ओळखण्याची एक सोपी कसोटी अशी : इंजिन सुरू असताना, हात व कपडे दूर ठेवून, पट्ट्याच्या आतील बाजूवर थोडे पाणी फवारावे. आवाज क्षणभर थांबून परतला तर रेषेचा दोष, वाढला तर ताणाचा.

सर्वांत अधिक फसविणारा भाग म्हणजे क्रँकशाफ्टवरील डँपर पुली. चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला सेकंदाला सुमारे २७ धक्के. जुन्या डिझेल इंजिनाचे संपीडन गुणोत्तर २० च्या वर असल्याने हे धक्के पेट्रोल इंजिनाहून तीव्र असतात. ते शोषण्यासाठी पुलीचा गाभा व बाहेरील कडे यांच्यामध्ये रबराचे वलय असते. वय झाले की हे रबर सुटते आणि कडे हळूहळू सरकते. पुली वरकरणी शाबूत दिसते, पट्टे मात्र एकामागून एक जातात. गाभ्यापासून कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी व मोटार काही दिवस चालवावी. रेघ तुटलेली दिसली, तर डँपर बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

किनारपट्टीचा परिणाम

कोकणात वापराची पद्धतही विचारात घ्यावी लागते. चाकरमान्यांच्या कित्येक मोटारी गणपती व शिमगा वगळता खळ्यातच उभ्या असतात. वार्षिक ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस व खारी हवा यांमुळे पुलीच्या खाचांना गंज चढतो आणि पट्टा जणू कानशीवर घासला जातो. जांभ्याची तांबडी माती त्यात भर घालते. असा गंज बारीक पॉलिश कागदाने काढावा. खाचेत खड्डे पडले असल्यास पुलीच बदलावी. ग्रीस, मेण किंवा साबण लावून आवाज बंद करण्याचा उपाय टाळावा. त्याने आवाज जातो, पकडही जाते.

नवा व्ही-पट्टा सुरुवातीच्या वापरात ताणला जातो. म्हणून पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर, आणि शक्य तर दापोलीचा घाट उतरण्यापूर्वीच, त्याचा ताण पुन्हा तपासावा.