दिवाळीच्या ताटात काकवीची बिस्किटे

दिवाळीचा फराळ आपण जिभेइतकाच कानानेही पारखतो. चकली मोडली की कटकन आवाज आला पाहिजे, शंकरपाळे तोंडात खुसखुशीत विरघळले पाहिजे आणि कडबोळे तर शेजारच्या खोलीत ऐकू गेले पाहिजे! ज्या गृहिणीची चकली मऊ पडली, ती बिचारी भाऊबीजेपर्यंत शेजारणींची नजर चुकवीत फिरते. या कुरकुरीत मंडळींत मऊपणाला मान मिळतो तो लाडवाला आणि अनारशाला. त्यातही अनारशाची तऱ्हा निराळी. वरून खसखस नि जाळी, पण आतून गुळाने धरलेला किंचित चिवटपणा. जे पाहिजे ते हेच, असे खाणाऱ्याला वाटावे!

पण मैत्रिणींनो, घरातल्या ज्या माणसांचे दात गेले आहेत त्यांनी या आवाजी दिवाळीत करायचे काय? आमच्या सासूबाईंचेच पाहा ना. गंगापूरच्या आमच्या घरात चकलीची भाजणी आजही त्यांच्या मापाने होते. ताटे त्याच लावतात. मग मुले कुडुमकुडुम खात सुटली की स्वतः चहाचा कप घेऊन बसतात. कवळी फार वेळ सोसत नाही. काही विचारले की उत्तर ठरलेले, "अगं सूनबाई, माझं आता झालं सगळं खाऊन. शिरा आहेच की." लाडू त्यांना चालतो, परंतु एका लाडवावर माणसाने पाच दिवसांची दिवाळी कशी काढावी?

यावर उपाय सापडला तो, गंमत म्हणजे, सातासमुद्रापलीकडून. आमच्या वन्सं अमेरिकेत असतात. एका वर्षी नाताळानंतर त्या आल्या, तेव्हा तिकडच्या सणाची तपकिरी बिस्किटे डब्यातून घेऊन आल्या. वरून भेगाळलेली, आतून मऊ, सुंठ-दालचिनीच्या वासाची. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात धरला, जरा वेळ घोळवला आणि म्हणाल्या, "यात काकवी घातलीय का गं?"

"काकवीचीच बहीण म्हण, आई," वन्सं म्हणाल्या.

सासूबाईंनी दुसरे बिस्कीट मागून घेतले. मी त्याच दिवशी मनाशी ठरवले, येत्या दिवाळीत हे घरी व्हायचे.

ही 'बहीण' कोण, ते नीट सांगायला हवे, कारण यात घोटाळा होण्यासारखा आहे. उसाचा रस उकळून साखरेचे दाणे वेगळे काढले की जो काळसर पाक उरतो, तो मोलॅसिस. तिकडे त्यातला खाण्याजोगा, गोड पाक बाटलीत भरून विकतात. साखर महाग होती त्या काळी गरिबाघरची ती साखरच होती. अमेरिकेतल्या वसाहतींत तो इतका खपे की परकी मोलॅसिसवर ब्रिटिश पार्लमेंटने १७३३ साली खास कर बसवला. त्यापासून मद्यार्कही काढीत. १५ जानेवारी १९१९ रोजी बॉस्टन शहरात मोलॅसिसची एक अजस्र टाकी फुटली आणि रस्त्यातून धावलेल्या त्या पाकाच्या लाटेत २१ माणसे दगावली. गोड वस्तूने असा घात केल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल!

आपल्याकडच्या साखर कारखान्यात साखर काढून काढून शेवटी जी उरते ती मळी. ती कडवट असते, मद्यार्काकडे आणि गुरांच्या खाद्याकडे जाते. तिचा स्वयंपाकघराशी संबंध नाही, तेव्हा कुणी स्वस्त देतो म्हणाला तरी घेऊ नका. आपली काकवी निराळी. गुऱ्हाळात रस आटत आला, पण गुळाची गोळी व्हायला अजून अवकाश आहे, अशा वेळी कढईतून उतरवलेला तो पाक. साखर काढून न घेतल्यामुळे ती मोलॅसिसपेक्षा गोड नि सौम्य असते. कोल्हापूरकर तिचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. परंतु आम्हां मराठवाड्यातल्यांनाही ऊस काही परका राहिलेला नाही. गंगापूर तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी. पैठणजवळ जायकवाडीची कोनशिला १९६५ साली बसली, १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले आणि नाथसागराचा फुगवटा आमच्या तालुक्यापर्यंत पोचला. पाण्यामागोमाग ऊसही वाढला. मात्र नवी काकवी गुऱ्हाळे लागल्यावरची, म्हणजे बहुधा दिवाळी उलटल्यावरची. म्हणून मागच्या हंगामातली एक बाटली मी राखून ठेवते.

आता मऊपणाचे मर्म. साखर थंड झाली की पुन्हा दाणेदार आणि कडक होते, म्हणून नानकटाई खुसखुशीत होते. काकवीतल्या साखरेचा काही भाग फुटून द्राक्षशर्करा नि फलशर्करा झालेला असतो. या दोघी ओलावा धरून ठेवतात, चटकन कडक होत नाहीत. त्यामुळे काकवीचे बिस्कीट दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा मऊ लागते. शिवाय काकवीतली किंचित आंबट बाजू सोड्याला जागे करते, म्हणून बिस्कीट फुगते, पसरते आणि वर भेगा पडतात.

साहित्य साधारण २४ बिस्किटांचे. मैदा १५० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, तूप ९० ग्रॅम, किसलेला गूळ १०० ग्रॅम, काकवी ८० ग्रॅम, दूध ३ मोठे चमचे, खाण्याचा सोडा १ चहाचा चमचा, सुंठपूड दीड चमचा, दालचिनीपूड १ चमचा, लवंगेची पूड पाव चमचा, थोडे किसलेले जायफळ, चिमूटभर मिरपूड आणि चिमूटभर मीठ. वरून लावायला खसखस. तिकडे साखरेत घोळवतात, पण अनारशाचा संस्कार असलेल्या हाताला खसखसच सुचते! काकवी नसेल तर ८० ग्रॅम गूळ दीड चमचा पाण्यात विरघळवून, गाळून, त्यात लिंबाचे चार थेंब टाका. काम भागते.

थिजलेले तूप आणि गूळ हलके होईतो फेसा. त्यात काकवी व दूध घाला. पिठे, सोडा, मीठ आणि मसाले एकत्र चाळून त्यात मिसळा. गोळा होण्यापुरतेच कालवा, कणकेसारखे मळत बसू नका. तासभर थंड जागी झाकून ठेवा. मग लहान लिंबाएवढ्या गोळ्या वळून, एक बाजू खसखशीत दाबून, अंतरा-अंतराने मांडा. घरी ओव्हन असेल तर १७५ अंशांवर १० ते ११ मिनिटे. कडा धरल्या, मधला भाग अजून कच्चा वाटतो, तेव्हाच बाहेर काढायची. "थोडं राहू दे अजून" हा मोह आवरा. १० मिनिटे ताटलीवरच निवू द्या, तेवढ्यात ती सावरतात.

माझ्याकडे पहिल्या वर्षी ओव्हन नव्हता. दिवाळीपूर्वी तूप, पीठ, साखर घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायची रीत आपल्या गावोगावी आहेच. त्याच रांगेत मीही डबा घेऊन उभी राहिले. बेकरीवाल्या चाचांनी गोळा हुंगून पाहिला आणि म्हणाले, "ताई, गुळाचा माल आहे, लवकर लागतो. सगळ्यांची नानकटाई निघू द्या. भट्टी जरा उतरली की तुमचं लावतो." केवढी शहाणपणाची गोष्ट! भर आचेवर गूळ करपतो, उतरत्या आचेवर नुसता रंगतो. घरच्या ओव्हनलाही हाच नियम लावा.

त्या वर्षी पाडव्याला सासूबाईंनी ताटे लावली ती स्वतःच्या ताटासकट. मुलांच्या चकल्या वाजत होत्या आणि त्या आपल्या बिस्किटाचा तुकडा सावकाश चघळत होत्या. मुलांनी त्यांच्या ताटात हात घातला, तेव्हा त्यांनी तो चक्क बाजूला सारला. इतक्या वर्षांत मी हे प्रथमच पाहिले!

दोन गोष्टी सांगून ठेवते. गूळ काय, काकवी काय, शेवटी साखरच. मधुमेह असलेल्यांनी ही बिस्किटे 'गुळाची आहेत' म्हणून जास्त खाऊ नयेत. आणि ही चकलीच्या डब्यात कधीही ठेवू नका. यांचा ओलावा चकलीला लागेल, मग दोघींचाही स्वभाव बिघडेल. घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात आठवडाभर छान राहतात. कडक वाटू लागली तर पावाचा एक तुकडा रात्रभर आत टाका, सकाळी पुन्हा मऊ.

यंदा फराळाची यादी कराल तेव्हा घरात कोण काय चावू शकते, तेही एकदा मोजून पाहा. एक घाणा कमी तळा आणि तेवढ्या वेळात ही २४ बिस्किटे करा. शेजारच्या आजोबांकडे फराळाचे ताट पाठवाल, त्यातही चार ठेवायला विसरू नका.